१०० किलोच्या पुढचा स्क्वॉट: प्रकल्प नोंदी

कोल्हापूर, जून ते ऑक्टोबर २०२५. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, म्हणजे पाठीवर वजनाचा रॉड घेऊन खाली बसणं आणि उठणं: मंगळवारी जड, शुक्रवारी हलका पण काटेकोर.

३ जून, मंगळवार

सुरुवातीची मोजणी. वय ३९, वजन ७८ किलो. हाय बार, म्हणजे रॉड मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मधल्या मांसल उंचवट्यावर. बेल्ट नाही, नी रॅप म्हणजे गुडघ्याला आवळायची पट्टीही नाही.

६० × ५ (६० किलो, सलग पाच रेप, म्हणजे पाचदा बसून उठणं), ८० × ५, १०० × ५, तिन्ही स्वच्छ. १०० ला पाचनंतर अजून दोन निघाले असते. ११० × ३: तिसऱ्या रेपला उठताना कंबर आधी वर, छाती मागे राहिली, मग पाठीने ओढून काढलं. ११५ × १: सगळंच पाठीने.

एका रेपला जास्तीत जास्त किती निघेल याच्या अंदाजाचं एप्लीचं सूत्र आहे, वजन × (१ + रेप ÷ ३०). १०० चे सात धरले तर एका रेपचा अंदाज १२३ येतो. टोकाच्या वजनाला आकार थोडा बिघडणारच, पण ११० च्या तिसऱ्याला बिघडावा इतका मी टोकाजवळ नव्हतो. ताकदीच्या आधी दुसरं काहीतरी संपतंय.

उद्दिष्ट: ११० × ५ आणि १२० × १, दोन्हींचा आकार १०० सारखा. खोलीचं माप आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमाचं: जांघेपाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला पाहिजे. स्पर्धेला उतरायचं नाही, पण मोजपट्टी कुणाची तरी हवीच. 'बऱ्यापैकी खाली' ही जिममधली मोजपट्टी वजन वाढेल तशी वर सरकते.

६ जून, शुक्रवार

फोनची जागा ठरवली. डंबेलच्या रॅकवर, खाली बसल्यावर कंबर येते त्या उंचीला, बरोबर बाजूने. फोन जमिनीवर ठेवला किंवा तिरका धरला की खोली खोटी दिसते. फरशीवर चिकटपट्टीची खूण केली, पाय दर वेळी तिथेच. व्हिडिओत रॉडच्या टोकावर बोट ठेवून फ्रेम पुढे ढकलत जायची आणि ते टोक तळपायाच्या मध्याच्या सरळ वर राहतं का बघायचं. रेषा काढून देणारी ॲप आहेत. मला काचेवर मार्करने उभी रेघ मारलेली पुरते.

१० जून, मंगळवार

आज उचललं कमी, मोजलं जास्त. बरेच दिवस जोडीदार म्हणत होता, "दादा, उठताना तुम्ही उजवीकडं वळालाय." मागून व्हिडिओ घेतला, खरंच वळत होतो. मग शेजारच्या धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा जिममध्ये आणला.

रॉड २० चा म्हणून ठेवलाय, भरला १८.६. वीसच्या चार प्लेटा: १९.३, १९.८, २०.१, २०.६. जड दोन्ही एका बाजूला लागल्या की त्या बाजूला १.६ किलो जास्त. १०० किलोत एवढं फार नाही, पण हात-दीड हात लांब भुजेवर ते जाणवतं. आता जोड्या ठरवल्या: २०.६ बरोबर १९.३, २०.१ बरोबर १९.८. दोन्हीकडे ३९.९. प्लेटांवर पांढऱ्या ऑइलपेंटने अ आणि ब लिहिलं. जिममधले दोघे विचारून गेले की ही कुठली नवी कंपनी.

म्हणजे माझे १०० खरे ९८.४ आहेत. नोंदीत मात्र छापलेलंच वजन लिहिणार, नाहीतर मागचं पुढचं जुळणार नाही.

वळणं अर्धंअधिक कमी झालं. उरलेलं घोट्याचं असावं. भिंतीसमोर पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहिला ते मोजायचं. उजवा ११ सेंटिमीटर, डावा ८. डावा घोटा पेठेच्या फुटबॉलमध्ये कॉलेजात असताना मुरगळला होता, तेव्हापासून आखडलेलाच आहे.

१७ जून, मंगळवार

या नोंदींतला मुख्य शोध आजचा, म्हणून सविस्तर.

११० × ३ चे सगळे व्हिडिओ फ्रेमवार पाहत होतो. माझं लक्ष उठण्यावर होतं, कारण बिघाड तिथे दिसतो. वस्ताद मागे उभे होते. मूळचे तालमीतले, आता जिमचं बघतात. म्हणाले, "वर येताना काय बघालायस? खाली जाताना बघ की."

खाली जाताना पाहिलं. १०० ला रॉडचं टोक रेघेवर आहे. ११० च्या तिसऱ्याला, गुडघे वाकायला लागून वीतभरही खाली गेलेलो नाही तोच टोक तीनएक सेंटिमीटर पुढे. तळाला टाचा हलक्या. तिथून उठायचं म्हणजे आधी पुढे झुकलेलं वजन मागे आणायचं. शरीर ते सोप्या मार्गाने करतं: गुडघे सरळ करून कंबर मागे-वर नेतं. गुडघे सरळ झाले की मांड्यांचं काम संपलं, उरलेलं ओझं पाठीवर. उठताना दिसणारा बिघाड उतरायला सुरुवात करतानाच झालेला असतो.

मग हलक्या वजनाला का दिसत नाही? हिशोब सोपा आहे. रिकामा रॉड २० आणि मी ७८, म्हणजे एकूण वजनात रॉडचा वाटा जेमतेम पाचवा. तो तीन सेंटिमीटर पुढे गेला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सहा मिलिमीटर सरकतो. पायाच्या बोटांनी सावरलं की झालं, पत्ताही लागत नाही. १२० ला रॉडचा वाटा साठ टक्क्यांवर जातो. तेवढ्याच तीन सेंटिमीटरला मध्य जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे जातो. हलक्या वजनाला रॉड माझ्याभोवती फिरतो, जड वजनाला मी रॉडभोवती. म्हणून रिकाम्या रॉडवर घोटून घोटून तंत्र सुधारेल या आशेला फार अर्थ नाही. रिकामा रॉड चूक दाखवतच नाही. काम ७५ ते ८५ टक्क्यांवर करायचं, म्हणजे मला ९० ते १०५. चूक तिथे दिसते आणि दुरुस्तही करता येते.

टाचांबद्दल एक. तालमीतल्या बैठकांत खाली जाताना टाचा उचलायच्याच असतात, पंजावर बसायचं, हात झुलवून वर यायचं, आणि लयीत भराभर. लहानपणी शेकड्याने मारल्या आहेत. पायांना ती सवय अजून आहे: खाली म्हणजे पंजावर. बैठकेत ते बरोबरच, पाठीवर रॉड नसतो.

२४ जून, मंगळवार

उतरण्याच्याही आधीचं पाहिलं: रॅकमधून, म्हणजे रॉड टेकवून ठेवायच्या लोखंडी चौकटीतून, रॉड काढणं.

आमच्या रॅकची भोकं एकमेकांपासून हातभर नाही तरी वीतभर लांब आहेत. वरच्या भोकाला रॉड काढताना टाचा उचलाव्या लागतात, खालच्याला पाव स्क्वॉटच मारावा लागतो. सगळे वरचं घेतात, कारण तिथे वाकावं लागत नाही. मी आजपासून खालचं. काढतानाचा तो पाव स्क्वॉट पूर्ण तळपायावर होतो, रॉड पाठीत बसतो, आणि किती जड आहे ते पायांना आधीच कळतं.

मग मागे येणं. आधी पाच-सहा पावलं मारत होतो, त्यात एक आरशात बघून जागा नीट करायचं. आता तीन: उजवा मागे, डावा मागे, उजवा जुळवून घ्यायचा. मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहणाऱ्या हमालांचं चालणं बघण्यासारखं असतं. पावलं आखूड, तळवा जमिनीला घासत, आणि एकही पाऊल वाया नाही. ११० पाठीवर घेतल्यावर तसंच चालायचं.

१०० × ५ दोनदा. टोक रेघेवर.

४ जुलै, शुक्रवार

श्वास. यावर महिनाभर गेला तरी चालेल.

जिममधली ठरलेली आरोळी: "छाती वर! वर बघ!" हलक्या वजनाला चालते. जड वजन घेऊन उभ्या उभ्याच छाती वर काढली की पुढच्या फासळ्या उघडतात, कंबरेत खळगा पडतो आणि पोटातली हवा धरायला भिंतच उरत नाही. वर बघितलं की मान मागे आणि वजन पंजांवर. मग खाली गेल्यावर छाती पडते, आणि मागून आरोळी येते: छाती वर!

माझा क्रम असा ठरला. रॉड घेऊन उभं राहिल्यावर आधी थोडा श्वास सोडायचा, फासळ्या खाली येतात. मग नाकातोंडाने पोटात आणि कुशीत श्वास भरायचा. पोट आत ओढायचं नाही, चारी बाजूंनी बाहेर दाबायचं. जोडीदाराने दोन्ही कुशींवर बोटं ठेवायची, त्याला ढकललं गेलं पाहिजे. मग नजर समोर दोन-अडीच मीटरवरच्या फरशीवर, आणि खाली. श्वास अवघड जागा ओलांडून वर येईपर्यंत सोडायचा नाही. ती जागा मला मांडी आडवी होऊन थोडं वर आल्यावर लागते.

असा श्वास कोंडल्याने रक्तदाब त्या क्षणी बराच चढतो. माझा तपासलेला आहे, ठीक आहे. वस्तादांना गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते जड काही कोंडून उचलत नाहीत. "आता माझं काम फक्त ओरडायचं," म्हणतात.

९० × ५, प्रत्येक रेपला नवा श्वास. पहिल्यांदाच पोट पायांच्या आधी दमलं.

१५ जुलै, मंगळवार

आठवडाभर पाऊस. जिमच्या रबरी मॅटखाली ओल, रॉडवर गंज, भिंतीला पोपडे. १०५ च्या दुसऱ्या रेपला रॉड पाठीवरून दोन बोटं खाली घसरला आणि मनगटांनी धरला गेला. रॉडच्या मधला खरखरीत भाग झिजून गुळगुळीत झालाय, त्यात माझा टी-शर्ट पॉलिस्टरचा आणि घामाने ओला.

उपाय: जाड सुती बनियनवर सुती टी-शर्ट, सेट सुरू करायच्या आधी पाठ पंचाने कोरडी. खडू लावायला मनाई आहे, मशिनी खराब होतात म्हणे.

हातांची पकडही आत घेतली. पकड जेवढी आत, तेवढी वरची पाठ आवळली जाते आणि रॉडला बसायला जागा मिळते. फार आत घेतलं की कोपर दुखतं. अंगठ्याने खांद्याचं टोक चाचपायचं आणि त्याच्या वीतभर बाहेर पकडायचं, माझ्यासाठी तेवढं पुरे.

बूटही बदलले. मऊ तळव्याच्या पळायच्या बुटांत १०० च्या वर टाच रुतते आणि डोलते. आता कडक तळव्याचे, टाच सुमारे २ सेंटिमीटर उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट. डाव्या घोट्याला जी वाकायची जागा मिळत नव्हती ती टाचेने दिली. टाचेखाली अडीचच्या प्लेटा ठेवूनही हेच होतं, पण १०० पाठीवर घेऊन प्लेटांवर मागे पाऊल टाकायची माझी तयारी नाही.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला, घरात अंडी बंद. पनीर, मटकी आणि ताकावर भागवणार.

पॉज स्क्वॉट, ८५ × ३, तळाला मनात दोन मोजून थांबायचं. खाली आपटून उसळी घ्यायची सोय यात नाही, त्यामुळे टाचा हलक्या असल्या तर तिथेच कळतं. थांबताना श्वास सुटू द्यायचा नाही. पहिल्या सेटला डावं ढोपर आत येत होतं. अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच, तिन्ही टेकवून डावा पाय किंचित बाहेर वळवला. गुडघा बोटांच्या दिशेने गेला.

एका काकांनी थांबवून सांगितलं, "गुडघा बोटांच्या पुढं नेऊ नको, वाटी जाते." मांडीचं हाड लांब असलेल्या माणसाने गुडघा मागे धरला तर तोल सांभाळायला धड तेवढं पुढे झुकतं, आणि गुडघ्याचं ओझं कंबरेवर जातं. टाच टेकलेली असेल, दुखत नसेल आणि वजन हळूहळू वाढवलं असेल तर निरोगी गुडघा पुढे गेल्याने बिघडत नाही. काकांना एवढंच म्हटलं, "बघतो काका." ते लेग प्रेसला गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

फ्रंट स्क्वॉट, म्हणजे रॉड पाठीऐवजी समोर खांद्यांवर घेऊन, मोजला: ७५ × ३, चौथा नाही. अंदाजे एका रेपचे ८२. पाठीवरच्या स्क्वॉटच्या १२३ शी तुलना केली तर दोन-तृतीयांश. साधारणपणे ८० टक्क्यांच्या पुढे असावा असं धरतात. म्हणजे कंबर आधी वर जाण्यामागे रॉड पुढे जाण्याशिवाय दुसरंही कारण आहे: मांड्यांचा पुढचा भाग आणि वरची पाठ मागे पडली आहेत. फ्रंट स्क्वॉटमध्ये पाठीने ओढून काढायची पळवाट नाही, कंबर आधी उठली की रॉड समोर पडतो.

शुक्रवारी पॉजनंतर फ्रंट स्क्वॉट, तीन-तीनचे सेट. कंटाळवाणं काम आहे. लवकर दिसत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

११० × ३. तिन्हींना टोक रेघेपासून सेंटिमीटरच्या आत. जूनमध्ये जो तिसरा पाठीने काढला होता तो आज मांड्यांनी आला.

त्याआधी स्पॉट देण्यावरून वाद. आमच्याकडे मागे उभा राहणारा दुसऱ्या रेपलाच काखेत हात घालतो, तोंडाने "काय नाही, काय नाही, तुझंच आहे" आणि पाच-दहा किलो त्याचेच. त्यात धड मागे ओढलं जातं आणि रेघ बिघडते ते वेगळंच. नियम केला: मी "घे" म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. त्याशिवाय रॅकच्या आडव्या पट्ट्या माझ्या तळापेक्षा दोन बोटं खाली लावल्या आहेत. नाहीच आलं तर खाली बसायचं, रॉड पट्ट्यांवर ठेवायचा आणि पुढे निसटायचं. रिकाम्या रॉडवर आणि मग ६० वर तसं बसून पाहिलं. आवाज मोठा होतो, बाकी काही नाही.

सव्वा-सव्वाच्या दोन प्लेटा स्वतःच्या आणल्या. जिममध्ये सर्वांत लहान अडीचची, म्हणजे उडी पाचचीच. या टप्प्यावर पाच फार होतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीत जिम बंद-चालू, झोप नाही, मोदक भरपूर. विसर्जनाच्या रात्री पायांना जे झालं ते कार्डिओत धरतो. ९५ × ५, मुद्दाम इथेच थांबलो. जड वाटलं, पण आकार धरून होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बेल्ट. इतके दिवस लांब ठेवला कारण बेल्ट पोटाला भिंत देतो, श्वास आपला आपल्यालाच भरावा लागतो. आता तो क्रम बसलाय. चामड्याचा, सगळीकडे सारखी रुंदी, १० सेंटिमीटर. मागे रुंद आणि पुढे निमुळता मिळतो तो पोटाला कमी टेकतो, आणि दाबायचं तर पोटानेच असतं.

किती आवळायचा? श्वास सोडल्यावर मधे सपाट हात जाईल एवढा. आवळून बांधला की श्वास छातीत चढतो, फासळ्या पुन्हा उघडतात, जुलैतली सगळी मेहनत पाण्यात.

१०५ × ३ बिनबेल्ट, मग ११२.५ × ३ बेल्ट लावून. दुसरा सेट सोपा वाटला. बेल्ट फक्त १०५ च्या वर.

७ ऑक्टोबर, मंगळवार

११० × ५. चौथ्यापर्यंत रेघेवर. पाचव्याला टोक दीडेक सेंटिमीटर पुढे, कंबर किंचित आधी, पण मांडी-पाठ बरोबरीने संपली. कारण व्हिडिओत सापडलं: चौथ्यानंतर वर उभा राहून अर्धाच श्वास घेतला. घाई. पाचव्याच्या आधी दोन श्वास घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

फ्रंट स्क्वॉट शुक्रवारी ८५ × ३ झाला होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटची मोजणी. वॉर्मअप: रॉड, ६०, ८०, १००, मग ११० आणि ११५ चा एकेक. प्रत्येकाला खालचंच भोक, तीन पावलं, तोच श्वास. रिकाम्या रॉडलाही.

स्पर्धेसारखे तीन पंच ठेवले: बाजूंना जोडीदार आणि त्याचा मित्र, समोर वस्ताद. तीनपैकी दोन हात वर गेले तर पास.

१२० × १: तिन्ही हात वर. व्हिडिओत टोक जास्तीत जास्त एक सेंटिमीटर पुढे, तेही वर येताना. अवघड जागेवर रॉड क्षणभर रेंगाळला, कंबर जागेवर राहिली.

१२५ × १: उठलो. वस्तादांचा हात खाली, जोडीदाराचा खाली, मित्राचा वर. फ्रेम थांबवून पाहिलं, जांघ गुडघ्याच्या बरोबरीला, खाली नाही. नोंद: नापास.

"दादा, उठलाय की!" मित्र म्हणाला. वस्ताद म्हणाले, "उठायचं कोण म्हणालं? बसायचं होतं."

पुढचं: दिवाळीपर्यंत ८० च्या वर जायचं नाही. नंतर पॉज स्क्वॉट ९५ पासून, फ्रंट स्क्वॉटचं लक्ष्य १००, डाव्या घोट्याचा ताण रोज सकाळी. १२५ पुन्हा जानेवारीत. नवीन रॉड येणार आहे म्हणतात, आला की आधी काट्यावर.